उष्टं काढल्याशिवाय बसायचं नाही

औरादच्या बसस्टँडसमोर, खताच्या दुकानावरच्या माडीत, अक्काचं इंटरनेटचं दुकान होतं. तीन मशिनी, चार खुर्च्या, एक भिंत आणि एक घंटी. मशिनींना अधूनमधून सुट्टी मिळायची, कारण वीज आमच्याकडं पाहुण्यासारखी यायची आणि चहा पिऊन निघून जायची. भिंतीला आणि घंटीला मात्र कधीच सुट्टी नव्हती.

भिंतीचं काम असं. मशिनीवर बसलेल्या माणसाच्या मागं जो कोणी उभा असेल, त्यानं भिंतीकडं तोंड करायचं. बाप असो, नवरा असो, मामा असो, पोलीस असो. समोर गाणगापूरच्या दत्ताचं कॅलेंडर टांगलेलं. त्यामुळं त्या दिवसांत औरादमध्ये पुढच्या तीन महिन्यांच्या एकादश्या तोंडपाठ नसलेला माणूस सापडणं अवघड होतं. कुणी मान जरा वळवली की अक्का काउंटरवरून विचारायची, "दत्त हिकडं हाय का तिकडं हाय?" मान परत सरळ व्हायची.

आणि घंटीचं काम असं. गिऱ्हाईक उठलं की दुसऱ्यानं लगेच बसायचं नाही. अक्का चष्म्याची दोरी सावरत यायची, म्हणायची, "सरक, उष्टं काढू दे." मग ती स्वतः खुर्चीत बसायची, वरच्या यादीतून नेमकी ओळ उघडायची, कोणती पानं बघितली आणि काय शोधलं या दोन चौकोनांत खूण करायची आणि बटण दाबायची. नंतर ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायचा. मग बाजारातून आणलेली मेंढराच्या गळ्यातली घंटी एकदा वाजवायची. आता बसा. सगळं जग ज्याला हिस्ट्री म्हणतं, त्याला आमच्या गावात बारा वर्षं उष्टं म्हणत होते. पुढं हैदराबादला नोकरीला लागल्यावर मी एका डॉक्टरला सहज म्हणून गेले, "सर, उष्टं काढू का?" त्यांनी आपल्या डब्याकडं बघितलं.

हे सोवळं तिला कुठून सुचलं, त्याची एक गोष्ट आहे. आधी तिचा एसटीडीचा बूथ होता. गावातल्या लेकी, सुना, मुंबई-पुण्याला गेलेल्यांच्या आया तिथं येऊन रडायच्या, भांडायच्या, आणि अक्का काचेच्या बाहेर बसून वाती वळायची. बूथमधलं बाहेर न्यायचं नाही, हा तिचा तेव्हापासूनचा नेम. तिचा नवरा जेवताना रोज विचारायचा, गावात काय नवीन? ती म्हणायची, भेंडी. पुढं बूथ बसला आणि तिनं मशिनी आणल्या. चार-सहा महिने सुखात गेले. मग एका बाजाराच्या दिवशी बँकेतला एक कारकून बसला, त्यानं शोधायच्या चौकोनात एकच अक्षर टाइप केलं आणि खाली आधीच्या सगळ्यांनी शोधलेली यादी घरंगळत आली. दुबईचा व्हिसा, केस गळणे, बायको बोलत नाही, आणि मूळव्याधीवर घरगुती उपाय. कारकून हौसेनं मोठ्यानं बोलला, "अरे, हितं मूळव्याध कुणाला हाय?" तीन नंबरच्या मशिनीवरचे गणिताचे मास्तर शांतपणे उठले आणि जिना उतरून गेले. ते पुन्हा आठ दिवस शाळेतही दिसले नाहीत.

अक्काला ते फार लागलं. तिनं बीदरहून मशिनी बसवून देणाऱ्याला बोलावलं आणि, गाव कर्नाटकच्या सीमेवरचं असल्यानं, आधी कानडीत, मग दख्खनी उर्दूत आणि शेवटी मराठीत झाडलं. ती मराठीवर आली की प्रकरण गंभीर असायचं. "एकाच्या पानातलं दुसऱ्याला वाढायलास? जनाची न्हाई तर मनाची?" त्या बिचाऱ्यानं तिला पुसायची वाट दाखवली. त्या दिवसापासून पान उठलं की उष्टं निघालं.

एकदा एक अडत दुकानदार आला. पोरगा इथं रोज काय बघतो ते दाखव म्हणाला. अक्कानं त्याला मानानं खुर्ची दिली, मशीन उघडली, ती जागा दाखवली. कोरी करकरीत. "पंगत उठल्यावर उकिरड्यावरची पत्रावळ कुणाची, हे वळखून दाखवा, मग मी बी सांगते," म्हणाली. दुकानदारानं बराच वेळ तो कोरा पडदा बघितला आणि तिथंच बसून सोयाबीनचे भाव शोधले. उठल्यावर तिनं त्याचंही उष्टं काढलं आणि घंटी वाजवली.

पण यातली खरी गंमत आम्हाला हळूहळू कळली. मशीन ती पुसायची, डोकं मात्र पुसायची नाही. बूथच्या दिवसांतले नंबर तिला पाठ होते तसं सगळं पाठ होतं. फक्त बोलायची नाही. गणिताच्या मास्तरांच्या घरी त्या आठवड्यापासून रोज सकाळी ताकाचा तांब्या जायला लागला, निरोप काही नाही. व्हिसा शोधणारा ड्रायव्हर एकदा पैसे द्यायला काउंटरशी आला, तेव्हा अक्का भिंतीवरच्या पालीला सांगत होती की उदगीरकडच्या एकाला एजंटानं कसं फसवलं. पाल ऐकत होती की नाही माहीत नाही, ड्रायव्हरनं ऐकलं.

तू का बघतेस मग, असं मी एकदा तिला विचारलं होतं. तिच्यासाठी भिंत नव्हती ना. ती म्हणाली, "वाढणारीनं पान बगावंच लागतंय. खाणाऱ्याच्या तोंडाकडं बगू नये."

माझं ईमेलचं खातं तिनंच उघडून दिलं. मी तेव्हा बीदरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत घरी आले होते. मला कीबोर्डवर अक्षरं सापडत नव्हती, अक्का मागं उभी राहून एकेक दाखवत होती. पासवर्ड विसरला तर विचारायला एक प्रश्न ठेवा, असं मशीन म्हणाली. प्रश्न आपला आपण लिहिता येत होता. मी इंग्रजीत लिहिला: मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते? आणि तावातावात उत्तरही टाकलं. मग मशिनीनं विचारलं, पासवर्ड लक्षात ठेवू का? मी म्हटलं ठेव. माझ्यामागची एक कटकट गेली. ते खातं पुढं कुणालाही उघडता आलं असतं, हे शहाणपण मला फार उशिरा आलं. अक्का पासवर्डच्या चौकोनात कधी खूण करायची नाही. ते उष्टं नव्हे, ते ज्याचं त्याचं भांडं, असं तिचं शास्त्र होतं.

आता अप्पांबद्दल सांगितलं पाहिजे. अप्पा म्हणजे माझे वडील. आजोबांपर्यंत आमची मेंढरं होती. अप्पांनी चार एकर कसली आणि हंगामात मार्केट यार्डात तोलाईचं काम केलं. माणूस प्रेमळ, पण आवाज असा की यार्डात त्यांनी आकडा पुकारला तर घरी आई भाकरी थापायची थांबायची. ते रागावलेत की लाडात आलेत हे आवाजावरून कळायचं नाही. इंग्रजी त्यांना चार अक्षरांचंच येत होतं, यार्डाच्या फाटकावरचं ए पी एम सी. त्याचा त्यांना भारी अभिमान. कुठलीही इंग्रजी पाटी दिसली की ते बोट दाखवून आपली अक्षरं वेचायचे. एकदा बीदरच्या सरकारी दवाखान्याच्या पाटीत त्यांना तीन ए आणि दोन पी सापडले, तर त्यांनी कंडक्टरलासुद्धा दाखवले.

माझं शिक्षण संपलं आणि भालकीकडून एक स्थळ आलं. मी आणि माझी मैत्रीण रेखा, दोघींनी हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात अर्ज केले होते. अप्पांनी भरल्या घरात निकाल दिला, संक्रांतीच्या आत दवाखान्याचं पत्र आलं तर जा, नाही आलं तर पाहुण्यांना होकार. मी रोज माडी चढत होते. पत्र येत नव्हतं.

मधे येळवस आली. आमच्याकडं मार्गशीर्षातल्या या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गावात कुत्रं सापडत नाही. त्याच्या आदल्या दिवशी घरं झाडूनपुसून घ्यायची. अक्कानंही दुकान झाडलं, पंख्याची पाती पुसली, कॅलेंडरला नवीन सुतळी लावली, आणि हात लागलाच आहे म्हणून मशिनीत जेवढे चौकोन होते तेवढ्या सगळ्यांत खुणा करून बटण दाबलं. उष्टंही गेलं आणि भांडीही गेली.

येळवसीच्या धावपळीत चार-पाच दिवस मला माडी चढता आली नाही. येळवसीनंतरच्या शनिवारी सकाळी रेखा पळत आली. तिला पत्र आलं होतं, मुलाखत सोमवारी, हैदराबादला. तुलाही आलंच असेल, बघ. मी निघाले, तर अप्पा म्हणाले, मी बी येतो. काय पत्र येतंय ते डोळ्यानं बघतो.

मी मशिनीवर बसले. पासवर्डचा चौकोन रिकामा. एरवी त्यात आपोआप काळे ठिपके उमटायचे. मी दोन-चार अंदाज टाकले, सगळे चुकले. अक्का आली, बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला. तिला एका क्षणात कळलं होतं काय झालं ते. "मीच धुतले बाई," एवढंच म्हणाली. मग मशिनीनं माझाच प्रश्न मला विचारला.

"काय इचारायली ती?" मागून अप्पांचा आवाज आला. मी खुळ्यासारखं खरं सांगितलं, की ती विचारते मला कशाची भीती वाटते.

अप्पा खूष झाले. अक्का त्यांना म्हणाली, "अण्णा, भितीकडं तोंड करा." ते म्हणाले, "माझ्याच पोरीची भीती हाय अक्का. मला ठाव न्हाई तर कुणाला ठाव?" आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पाल. मी इंग्रजी अक्षरांत पाल टाकली, चूक. साप, चूक. विहीर, चूक. लहानपणी हिला देवीच्या पोतराजाची भीती वाटायची, लिव पोतराज. चूक. तोवर बाकीच्या दोन मशिनींच्या मागं भिंतीकडं तोंड करून उभ्या असलेल्या माणसांना राहवेना. भिंतीकडं बघत एक जण म्हणाला, बिबट्या टाकून बघा. दुसरा म्हणाला, सासू. गणिताचे मास्तर तिथंच होते, ते न वळता म्हणाले, गणित टाक. गणितही चूक. अप्पा म्हणाले, सुई लिव. मास्तर म्हणाले, नर्स व्हायला निघालेल्या पोरीला सुईची भीती कशी असेल? त्यावर दोघांची जुंपली. सगळी माडी माझ्या भीतीवर वाद घालत होती आणि मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, कारण प्रत्येक चुकीला भालकीचं स्थळ एकेक पाऊल जवळ येत होतं. मला खरोखर आठवत नव्हतं. दीड वर्षापूर्वी कुठल्या तरी रागाच्या भरात टाकलेला शब्द तो.

अक्का एकटी गप्प होती. काउंटरला धरून उभी होती आणि माझ्याकडं नाही, अप्पांकडं बघत होती. बूथच्या दिवसांपासून दुसऱ्याच्या पानातलं एक शीत तिनं तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. मग ती आली. "अण्णा, भितीकडं." अप्पा हलले नाहीत. तिनं ओलं फडकं घेतलं आणि मशिनीच्या पडद्यावर देव झाकावा तसं टाकलं. मला म्हणाली, "तू बी मान फिरव." मी दत्ताकडं बघितलं. तिचं एक बोट कीबोर्डवर चार वेळा वाजलं, सावकाश, आणि मग एकदा जोरात.

फडकं काढलं तर दार उघडलं होतं. नवा पासवर्ड सांगा, मशीन म्हणत होती. पत्र चार दिवसांपासून येऊन पडलं होतं. सोमवार, सकाळी दहा. सगळ्या माडीनं टाळ्या वाजवल्या, भिंतीकडं तोंड करूनच. तू काय टाकलंस, असं मी अक्काला विचारलं, तर ती म्हणाली, "कोण? मी तर फडकं मारले." तिनं उष्टं काढलं आणि घंटी वाजवली. अप्पा खाली बघत जिना उतरले. मला वाटलं पोरगी जाणार म्हणून त्यांना भरून आलंय.

मला ते आठवलं रविवारी, हैदराबादच्या बसमध्ये, जहीराबादच्या आसपास. सावकाश वाजलेलं ते बोट मी मनात पुन्हा ऐकलं, चार वेळा, आणि तो दिवस आठवला. बीदरहून यायला उशीर झाला म्हणून अप्पांनी अंगणात उभं राहून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज लावला होता. मी तशीच रडत माडीवर गेले होते आणि त्या चौकोनात लिहिलं होतं: अप्पा. बसमध्ये मला इतकं हसू आलं की शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढली. मग धस्स झालं, ते मागंच उभे होते. मग मनाची समजूत घातली, पडद्यावर फडकं होतं, आणि त्यांना इंग्रजी कुठं येतं?

नोकरी मिळाली. भालकीचं स्थळ रेखाच्या मावसबहिणीला गेलं आणि ती सुखात आहे. सुट्टीला घरी आले की एक गोष्ट नवल वाटायची. अप्पांचा आवाज गेला होता. म्हणजे यार्डात होता, घरात नव्हता. दारात आले की आधी खोकायचे, मग आत यायचे. पाणी मागायचे तेही तालुक्याच्या साहेबाला अर्ज दिल्यासारखं. आईनं त्यांना दोन महिने आल्याचा काढा पाजला. उपयोग झाला नाही तेव्हा कुणीतरी करणी केली म्हणून त्यांना गाणगापूरला नेलं. परत आल्यावर तिनं मला फोनवर सांगितलं, "दत्तानं बी आवाज वापस दिला न्हाई बग." मला वाटायचं मी कमावती झाले, म्हणून मान वाढला असेल.

पुढं सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले आणि अक्काच्या मशिनी बंद पडल्या. ती आता तिथंच झेरॉक्स काढते. सातबाऱ्याची झेरॉक्स काढतानाही मागच्याला भिंतीकडं तोंड करायला लावते, आणि झाल्यावर झेरॉक्सची काच पुसते. सवय.

परवाच्या सुट्टीत मी अंगणात बाजेवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ईमेलवाल्यांनी कळवलं होतं, तुमची माहिती जुनी झाली, तपासून घ्या. अप्पा शेजारी शेंगा फोडत होते. सहज म्हणून विचारलं काय करतेस. मी म्हटलं, खातं नवीन करते.

थोडा वेळ ते शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "ते भीतीचं बी बदलता येतंय का?"

मी मान वर केली. ते माझ्याकडं बघत नव्हते. "फडकं काचंवर टाकलतं तिनं. बोट दिसायलतं की मला," ते म्हणाले. "ए. पी. पी. ए. एम न्हाई, सी न्हाई. घरी येईस्तोर जुळवत आलो."

दुसऱ्या दिवशी ते एकटे माडीवर गेले होते, हे मला तेव्हा कळलं. अक्कानं काही विचारलं नाही. ते म्हणाले होते, अक्का, तुम्ही सगळ्या गावाचं पुसता, माझं तेवढं एक पुसा. अक्कानं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाली की ते हितल्या मशिनीत नाही, लांब कुठंतरी आहे, मला पुसता येत नाही. सगळ्या गावाचं उष्टं काढणाऱ्या त्या बाईनं आयुष्यात एकदाच असं कबूल केलं असेल, आणि ते माझ्या बापापाशी. अप्पा म्हणाले, मग? ती म्हणाली, "तिच्याच हातानं निगंल. तुमी आपलं घरात हळू बोलत ऱ्हावा."

एवढी वर्षं ते हळू बोलत राहिले होते. त्या क्षणी मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. मी म्हटलं, "बदलते अप्पा. आत्ता बदलते."

ते उठले. मांडीवरची टरफलं झटकली आणि घराच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, काहीच नव्हतं. मी त्याच प्रश्नाचं नवीन उत्तर लिहिलं. काय लिहिलं ते इथं सांगणार नाही. मग यादी उघडून सगळ्या चौकोनांत खुणा केल्या, भांड्यांसकट, आणि बटण दाबलं.

"झालं," मी म्हटलं. ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं, झालं अप्पा. तरी नाहीत. मग लक्षात आलं. आत जाऊन खुंटीवरची आजोबांच्या मेंढराची घंटी काढली आणि एकदा वाजवली. तेव्हा ते वळले.